घरांच्या पायाआधीचे चर

एखाद्या मोकळ्या शेतजमिनीवर शे-दोनशे घरांची वसाहत उभी करायचे ठरले की त्या जमिनीच्या अनेक परीक्षा होतात. माती किती भार पेलेल ते तपासले जाते, पावसाचे पाणी कुठून वाहते आणि कुठे साचते ते पाहिले जाते, आजूबाजूच्या रस्त्यांवर वाहनांचा ताण किती वाढेल याचा अंदाज घेतला जातो. काही देशांत या परीक्षांच्या जोडीला आणखी एक परीक्षा असते आणि आजचे लेखन तिच्याविषयी आहे. या जमिनीखाली माणसांच्या जुन्या वावराच्या खुणा आहेत का, असल्यास त्या कुठे आहेत, किती खोल आहेत, कोणत्या काळातल्या आहेत आणि कितपत शाबूत आहेत, हे बांधकामाआधी शोधण्याच्या या कामाला पुरातत्त्वीय पूर्वपरीक्षण म्हणता येईल. मी अशा परीक्षणासाठी खणलेल्या लांबट चरांत काम केले आहे आणि त्याहून कितीतरी अधिक काळ अशा कामांचे अहवाल वाचण्यात घालवला आहे. त्यातून माझी दोन मते पक्की झाली आहेत. वसाहतीचा आराखडा कागदावर कायम होण्याआधी झाले, तरच हे परीक्षण खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. आणि 'येथे काही आढळले नाही' हे वाक्य, शोध कसा घेतला होता ते पाहिल्याशिवाय कधीही खरे मानू नये.

पूर्वपरीक्षण आणि उत्खनन यांची लोकांच्या मनात नेहमी गल्लत होते. उत्खननात जे आहे ते सगळे समजून घ्यायचे असते, तर पूर्वपरीक्षणात पुढचा निर्णय घेण्यापुरती खात्रीची माहिती मिळवायची असते. म्हणूनच चांगल्या पूर्वपरीक्षणात जमीन शक्य तितकी कमी खणली जाते. पुरातत्त्वातील प्रत्येक खोदकाम हे अवशेषांचा काही अंशी नाशच असते, कारण एकदा काढलेला थर पुन्हा जसाच्या तसा रचता येत नाही. खड्ड्यात पडलेले खापर वस्तुसंग्रहालयात ठेवता येते, पण ते कोणत्या राखेवर आणि कोणत्या गाळाखाली पडले होते हा संबंध फक्त नोंदीत उरतो. म्हणून या टप्प्यावर सापडलेली प्रत्येक गोष्ट पूर्ण खणून काढण्याचा मोह आवरावा लागतो. मानवी सांगाडा दिसला तर तो बहुधा तेथेच ठेवून, नोंद करून, पुन्हा झाकला जातो.

ही पद्धत रूढ होण्यामागे काही कटू अनुभव आहेत. १९८९ साली लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण तीरावर एका कार्यालयीन इमारतीसाठी जागा मोकळी केली जात असताना 'रोझ' या १५८७ साली बांधलेल्या नाट्यगृहाचे अवशेष उघडे पडले. शेक्सपिअर आणि मार्लो यांची नाटके जेथे झाली त्या रंगभूमीचा पायाच समोर आला होता, पण तोपर्यंत परवानगी मिळालेली होती, पैसा गुंतलेला होता आणि कामाच्या तारखा ठरलेल्या होत्या. नट-नट्या आणि सामान्य नागरिक त्या जागेसमोर जमले, मोठा वाद झाला आणि अखेरीस इमारतीच्या पायाची रचना बदलून अवशेष तिच्याखाली राखले गेले. विकासक, सरकार आणि अभ्यासक या तिघांनाही या प्रकरणाची झळ पोहोचली आणि तिघांच्याही लक्षात आले की हीच माहिती दोन वर्षे आधी हाती असती तर वाद इतका विकोपाला गेला नसता. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, इंग्लंडमध्ये 'प्लॅनिंग पॉलिसी गाइडन्स १६' हे मार्गदर्शन प्रसिद्ध झाले. निर्णयाआधी माहिती मिळवावी, महत्त्वाचे अवशेष शक्यतो जागच्या जागी राखावेत आणि जेथे ते हलणारच असतील तेथे त्यांच्या नोंदीचा खर्च विकासकाने उचलावा, ही त्याची दिशा होती. ते मार्गदर्शन २०१० साली बदलले आणि २०१२ पासून हा विषय तेथील राष्ट्रीय नियोजन धोरणाच्या चौकटीत आला, तरी आधी कागदपत्रांचा अभ्यास आणि गरज पडल्यास जमिनीवर परीक्षण ही अपेक्षा कायम राहिली. युरोपातील देशांनी १९९२ साली माल्टाच्या राजधानीत, व्हॅलेटा येथे, याच आशयाच्या सुधारित करारावर सह्या केल्या. फ्रान्सने २००१ साली प्रतिबंधक पुरातत्त्वाचा, म्हणजे बांधकामाने अवशेष नष्ट होण्याआधीच ते शोधून नोंदवण्याचा, स्वतंत्र कायदा केला आणि २००२ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय संस्था उभी केली.

कामाची सुरुवात मात्र कुदळीने होत नाही. आधी कागद पाहिले जातात. जुने जमीन-नकाशे, महसुली नोंदी, आसपास पूर्वी सापडलेल्या वस्तूंच्या याद्या, शेजारच्या भूखंडांवर झालेल्या खोदकामांचे अहवाल आणि हवाई छायाचित्रे एकत्र ठेवली की जमिनीचे एक पहिले चित्र उभे राहते. यातील हवाई छायाचित्रांचे मला विशेष मोल वाटते. जमिनीत बुजलेल्या खंदकावर माती खोल असते आणि ती ओल धरून ठेवते, म्हणून त्या पट्ट्यावरचे पीक उंच आणि अधिक काळ हिरवे राहते. उलट गाडल्या गेलेल्या भिंतीवर मातीचा थर उथळ असल्यामुळे पीक खुरटते आणि लवकर पिवळे पडते. कोरड्या उन्हाळ्यात हा फरक वरून स्पष्ट दिसतो. इंग्लंडमधील 'वुडहेंज' हे लाकडी खांबांचे प्राचीन वर्तुळ १९२५ साली विमानातूनच लक्षात आले, आणि २०१८ च्या कडक उन्हाळ्यात आयर्लंडमधील न्यूग्रेंज या प्राचीन दफनस्मारकाजवळ एका शेतात आधी कोणालाही ठाऊक नसलेले मोठे वर्तुळ ड्रोनच्या छायाचित्रांत उमटले. मात्र ओल्या वर्षी घेतलेल्या छायाचित्रात काही दिसले नाही, याचा अर्थ फार तर त्या वर्षी काही दिसले नाही एवढाच होतो.

त्यानंतर भूभौतिक सर्वेक्षण येते. यात जमीन न खणता तिचे गुणधर्म मोजले जातात आणि मोठ्या क्षेत्रावर सर्वांत अधिक वापर होतो तो चुंबकत्वमापकाचा. मातीत लोहाची संयुगे असतात. चूल, भट्टी किंवा आग यांच्या उष्णतेने ती बदलतात आणि माती अधिक चुंबकीय होते. भाजलेली माती थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशाही स्वतःत धरून ठेवते. वस्तीभोवतीची वरची माती अशा रीतीने बदललेली असते आणि तीच माती पुढे खंदकात भरली जाते, म्हणून बुजलेला खंदक शेजारच्या मूळ मातीहून किंचित अधिक चुंबकीय ठरतो. 'किंचित' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा लागतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ठिकाणानुसार सुमारे २५ हजार ते ६५ हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे अतिसूक्ष्म एकक) असते आणि बुजलेल्या खंदकामुळे पडणारा फरक बहुधा काही नॅनोटेस्लांचाच असतो. तो टिपण्यासाठी सर्वेक्षक अंगावरचे सगळे लोखंड काढून ठेवतो, बुटांच्या आणि पट्ट्याच्या धातूसकट, आणि साधारण एकेक मीटर अंतराच्या समांतर रेषांवर उपकरण घेऊन शेत पालथे घालतो. त्यातून तयार झालेल्या करड्या नकाशावर कुंपणाच्या खंदकांचे चौकोन, वर्तुळे आणि जुन्या वाटा उमटू लागतात तेव्हा जमिनीने स्वतःच आपला नकाशा काढून दिल्यासारखे वाटते आणि नेमक्या याच क्षणी सावध राहावे लागते.

कारण या नकाशावर न उमटणाऱ्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या असतात. थडग्याचा खड्डा खणून लगेच त्याच मातीने भरला जातो, त्यामुळे त्याच्यात आणि शेजारच्या जमिनीत चुंबकीय फरक जवळजवळ नसतो. लाकडी घराच्या खांबांचे खळगे इतके लहान असतात की ते उपकरणाच्या मोजणीतून सहज निसटतात. नदीकाठी गाळाचा जाड थर साचलेला असेल तर खालचे काहीच वर पोहोचत नाही. अग्निजन्य खडकाच्या प्रदेशात खडकाचेच चुंबकत्व बाकी सगळे झाकून टाकते. आणि शेतातून लोखंडी पाइप गेला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचा रुंद पट्टा वाचण्यासारखा उरत नाही. दगडी भिंती शोधायच्या असतील तर विद्युतरोध मोजणे अधिक उपयोगी पडते, पण त्याचे निकाल जमिनीतील ओलीवर अवलंबून असतात, आणि भूभेदी रडारच्या लहरी चिकणमातीत लवकर विरतात. ही उपकरणे एकमेकांना पूरक आहेत. त्यांपैकी कोणत्याही एकाच्या कोऱ्या नकाशावर विसंबून शेत मोकळे असल्याचे जाहीर करणे मला मान्य नाही.

म्हणून अखेर चर घ्यावेच लागतात. साधारण ३० ते ५० मीटर लांब आणि यंत्राच्या बकेटएवढा, म्हणजे सुमारे दोन मीटर रुंद, असा एक चर असतो. आधी जमिनीखालच्या तारा आणि नळ तपासले जातात, मग पोकलेनला दात नसलेले, सपाट धारेचे बकेट लावले जाते, कारण दातांच्या बकेटने तळ ओरबाडला जातो आणि मातीच्या रंगातला फरक पुसला जातो. यंत्र मागे सरकत खणत जाते आणि उघडलेल्या तळावर ते कधीही चढवले जात नाही. वरची नांगरटीची माती एका बाजूला आणि तिच्याखालची माती दुसऱ्या बाजूला टाकली जाते, म्हणजे चर बुजवताना तोच क्रम राखता येतो. पुरातत्त्वज्ञ सबंध वेळ बकेटच्या समोर, पण त्याच्या झेपेबाहेर उभा असतो आणि हाताच्या खुणेने ऑपरेटरला थांबवत राहतो. एका वेळी पाच-दहा सेंटिमीटरचा पापुद्रा काढता येणारा ऑपरेटर मिळाला तर अर्धे काम तेथेच साधले असे समजावे. या लोकांच्या हाताचे कसब अहवालात सहसा कोणी नोंदवत नाही, ते नोंदवायला हवे असे मला मनापासून वाटते.

खणणे थांबते ते एक तर पहिल्या पुरातत्त्वीय थरावर, किंवा माणसाचा हात न लागलेल्या नैसर्गिक मातीवर. समजा तळाशी पिवळसर चिकणमाती आहे आणि तिच्यात तळहाताहून थोडा मोठा, करडा, गोलसर डाग दिसतो आहे. तो थापीने हलकेच साफ करायचा, त्याची कड रेखायची, त्याला क्रमांक द्यायचा, छायाचित्र घ्यायचे, आणि मग त्याचा फक्त अर्धा भाग खणायचा. उरलेल्या अर्ध्या भागाचा उभा छेद समोर येतो आणि त्या छेदावरून पुष्कळ काही ठरते. कडा वेड्यावाकड्या असतील आणि डाग खाली जाताना फाटे फुटून निमुळता होत असेल तर ते झाडाचे मूळ किंवा घुशीचे बीळ. कडा सरळ, तळ सपाट, मध्ये गडद मातीचा उभा पट्टा आणि त्याच्या भोवती ठेचून बसवलेले दगड दिसले तर येथे एक खांब उभा होता. गडद पट्टा म्हणजे कुजून गेलेले लाकूड आणि दगड म्हणजे खांब हलू नये म्हणून कोणीतरी दिलेला आधार. खांब जागेवरच कुजला की पुढे उपटून नेला, हेही त्या पट्ट्याच्या आकारावरून बरेचदा कळते. एका खळग्यावरून घर सिद्ध होत नाही, पण दोन मीटर रुंदीच्या त्या चरात अशा तीन खळग्यांची ओळ दिसली आणि ती चराच्या भिंतीखाली शिरताना दिसली, तर तेथे चर रुंद करायचा की नाही हा प्रश्न उभा राहतो. खळग्यातील माती पिशवीत भरून नेतात आणि पाण्यात ढवळून वर तरंगणारे जळके दाणे व कोळसा बारीक चाळणीत गोळा करतात. रेडिओकार्बन कालमापनासाठी त्यातील एखादा जळका दाणाही पुरतो. खापराचा एकही तुकडा न मिळालेल्या जागेचे वय अनेकदा अशा दाण्यानेच सांगितले आहे.

आता मी ज्या प्रश्नासाठी हे सारे लिहायला घेतले त्याकडे येते. चर किती घ्यायचे? इंग्लंडमध्ये साधारणपणे एकूण क्षेत्राच्या २ ते ५ टक्के जमीन अशी उघडली जाते, फ्रान्समध्ये ५ ते १० टक्के. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो तसेच हे आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो म्हणून एक शीत पुरते. जमिनीचे तसे नसते. एका कोपऱ्यात दाट वस्ती आणि उरलेल्या शेतात काहीही नाही, असेच बहुधा असते, म्हणून नमुना कोठून आणि कसा घेतला यावर सगळे ठरते.

हिशोब करून पाहू. दहा हेक्टरचे शेत म्हणजे एक लाख चौरस मीटर. त्याचे चार टक्के म्हणजे चार हजार चौरस मीटर; ३० मीटर लांब आणि २ मीटर रुंद चर ६० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे ६७ चर झाले. कागदावर ते भरघोस दिसतात. या शेतात कुठेतरी शंभर मीटर लांबीचा सरळ खंदक असेल, तर इतके चर वेगवेगळ्या दिशांनी विखरून घेतल्यावर तो सरासरी दीड चरांना छेदेल, म्हणजे तो हाती लागण्याची चांगली शक्यता आहे. वीस मीटर व्यासाचा वर्तुळाकार खंदक असेल तर एखादा तरी चर त्याला स्पर्श करण्याची शक्यता तीनांत दोन इतकी उरते. आणि दोन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद असे एकटे थडगे असेल तर ती शंभरात सुमारे आठवर येते. चरांचे प्रमाण दुप्पट केले, आठ टक्के केले, तरी ते थडगे सापडण्याची शक्यता शंभरात सोळाच्या आसपास राहते. म्हणजे इंग्लंडमध्ये रोमनकाळातील आखीव शेतांचे खंदक पूर्वपरीक्षणात सहसा चुकत नाहीत, पण त्याआधीच्या आणि नंतरच्या ज्या लोकांनी विखुरलेली लाकडी घरे बांधली आणि आपली माणसे मोकळ्या रानात पुरली, ते लोक चरांच्या मधल्या कोऱ्या जागेत हरवून जातात. ही त्रुटी सगळ्या काळांवर सारखी पडत नाही, आणि म्हणूनच ती मला गंभीर वाटते. ज्यांच्या खुणा मुळातच पुसट आहेत त्यांच्याच खुणा तपासणीतूनही निसटतात आणि मग इतिहासाच्या नकाशावर त्या लोकांची संख्या आहे त्याहून कमी भासते.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. ६० चौरस मीटरचा लांबट चर आणि तेवढ्याच क्षेत्रफळाचा चौकोनी खड्डा, यांपैकी लांबट चराची कड जवळजवळ दुप्पट असल्यामुळे अज्ञात गोष्टीला धडकण्याची शक्यता त्याचीच अधिक. शोधण्यासाठी चर बरा. पण सापडलेले समजून घेण्यासाठी चौकोन बरा, कारण खांबांच्या खळग्यांची मांडणी दोन मीटरच्या पट्टीत दिसत नाही. म्हणून शहाणा आराखडा करणारे लोक सगळे चर एकदम खर्च करत नाहीत. ते काही क्षेत्र हातचे राखून ठेवतात आणि पहिल्या चरांत काय दिसते ते पाहून गरज असेल तेथे चर रुंद करतात. ज्या कंत्राटात अशा राखीव चरांची सोयच नसते त्याकडे मी शंकेने पाहते, कारण तेथे प्रश्न विचारायला मुभा आहे, पण उलटप्रश्न विचारायला नाही.

घरांच्या वसाहतींनी या विषयाला किती दिले आहे याची दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. मे २००२ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोनहेंजजवळच्या एम्सबरी येथे, नव्या वसाहतीतील शाळेच्या जागेवर, रोमनकाळातील एका लहान दफनभूमीचे काम चालू असताना पुरातत्त्वज्ञांना इसवी सन पूर्व २३०० च्या सुमाराचे एक दफन मिळाले. त्या पुरुषाबरोबर शंभरच्या आसपास वस्तू होत्या. पाच मडकी, तांब्याच्या सुऱ्या, गारगोटीची बाणाग्रे, मनगटावरचे दगडी रक्षक, धातू घडवण्याचा दगड आणि ब्रिटनमधील सर्वांत जुन्या सोन्यापैकी मानले जाणारे सोन्याचे दोन दागिने असा तो ऐवज होता. दातांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे बालपणी प्यायलेल्या पाण्याने दातांत सोडलेल्या ऑक्सिजनच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या प्रमाणावरून, तो आल्प्सच्या परिसरात वाढला असावा असे दिसले. दुसरे उदाहरण २०२२ मधले. नॉर्दम्प्टनशायरमधील हार्पोल येथे घरांच्या प्रकल्पाआधीच्या उत्खननात सातव्या शतकातील एका स्त्रीचे थडगे मिळाले. हाडे मातीत जवळजवळ पूर्ण विरून गेली होती, दातांच्या आवरणाचे काही कण तेवढे उरले होते. पण तिच्या गळ्यातील सोने, गार्नेट आणि इतर मौल्यवान खड्यांची किमान तीस मणी-पदके असलेली माळ शाबूत होती. या दोन्ही जागा मोठ्या क्षेत्रावरील माती उलगडून पाहिल्यामुळे बोलू शकल्या. तेवढ्याच आकाराचे थडगे चरांच्या नमुन्यात येणे किती अवघड आहे ते वरच्या आकड्यांवरून स्पष्ट आहे.

चरांतून मिळणारे उत्तर ऋतूवरही अवलंबून असते आणि ही गोष्ट नियोजनाच्या तारखा ठरवणाऱ्यांना सांगूनही पटत नाही. कडक उन्हात चिकणमाती भाजून एकाच फिकट रंगाची होते आणि तिच्यातील डाग दिसेनासे होतात. त्यावर पाणी मारले की काही क्षण ते परत दिसतात. काही मातींमध्ये उघडलेला तळ चार-सहा दिवस पावसा-वाऱ्याला मोकळा ठेवला तरच खंदकाची कड उमटते. सकाळी खणला, दुपारी छायाचित्र घेतले आणि संध्याकाळी बुजवला, असा चर कोरा निघाला तर दोष जमिनीचा नाही.

आता वेळेविषयी. पूर्वपरीक्षण परवानगीच्या निर्णयाआधी करायचे की परवानगी देऊन, तिच्या अटींत ते घालायचे, यावर सर्वत्र ओढाताण चालते. विकासकाची बाजू समजण्यासारखी आहे, कारण परवानगी मिळेल की नाही हेच ठाऊक नसताना खर्च कोणी का करावा? पण परवानगी मिळाली की घरांची संख्या ठरते, रस्ते आखले जातात, सांडपाण्याच्या वाहिन्यांची पातळी निश्चित होते, आणि त्यानंतर वस्तीचा गाभा नेमका चौथ्या आणि पाचव्या गल्लीच्या खाली निघाला तर उत्खनन करून तो हलवण्यावाचून मार्ग राहत नाही. हीच माहिती आधी असेल तर त्या भागावर खेळाचे मैदान किंवा मोकळी हिरवळ येऊ शकते आणि घरे शेजारी सरकू शकतात. घरांची संख्या तेवढीच राहते. जपानमध्ये आओमोरी येथे १९९२ साली बेसबॉलच्या मैदानासाठी खोदकाम सुरू झाले तेव्हा सान्नाई-मारुयामा ही जोमोन काळातील, म्हणजे जपानच्या प्रागैतिहासिक काळातील, विस्तीर्ण वस्ती बाहेर आली. तेथे सुमारे दोन मीटर व्यासाच्या सहा मोठ्या खांबखळग्यांत चेस्टनटच्या जाड खांबांचे बुंधे अजून उभे होते. १९९४ मध्ये मैदानाचे काम थांबवून जागा राखण्याचा निर्णय झाला, तोही बांधकाम काहीसे पुढे गेल्यावर, आणि २०२१ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत आली. तो निर्णय धाडसाचा होता आणि मला तो अत्यंत आदराचा वाटतो. मात्र प्रत्येक वेळी अशा धाडसावर भिस्त ठेवता येत नाही, आणि आधीची माहिती असली तर तशी वेळही येत नाही.

जागच्या जागी जतन करणे म्हणजे वर माती टाकून विसरून जाणेही नव्हे. हिरवळीखाली राखलेल्या थरांवर मोठी झाडे लावली तर मुळे तेच करतात जे बकेटने केले असते. घरामागच्या बागेखाली अवशेष राखले असे लिहिले असेल तर त्या बागेत कोणी तळे खणेल तेव्हा काय, याचे उत्तर मालकी-कागदांत असायला हवे. ओलसर, हवा न पोहोचणाऱ्या मातीत टिकलेले लाकूड आणि कातडे तर शेजारच्या नव्या गटारांमुळे भूजलाची पातळी उतरली, की वर काहीही न बांधता कुजू लागते. 'रोझ'चे अवशेष वाळूखाली आणि पाण्याखाली ठेवले गेले ते याच कारणाने. पूर्वपरीक्षणात अवशेष सापडले का, एवढेच न विचारता ते कशामुळे टिकून राहिले आहेत हेही विचारायला हवे, आणि बहुतेक अहवालांत या दुसऱ्या प्रश्नासाठी दोन ओळींहून अधिक जागा नसते.

या सगळ्यामुळे घरे लांबतात, असे म्हटले जाते. लोकांना घरे हवी आहेत आणि ती वेळेत हवी आहेत याबद्दल माझ्या मनात काहीही किंतु नाही. पण दहा हेक्टरवरचे चर हे काही आठवड्यांचे काम आहे आणि ते मातीच्या व पाण्याच्या परीक्षणांच्या बरोबरीने होऊ शकते. लांबण लागते ती उशिरा सुरू केलेल्या परीक्षणामुळे, जेव्हा यंत्रे उभी असतात, व्याज चढत असते आणि तळाशी अचानक सांगाडे दिसतात. अधिक खरी अडचण वेगळी आहे. पूर्वपरीक्षणाचे पैसे विकासक देतो, काम मिळवण्यासाठी संस्थांमध्ये स्पर्धा असते आणि कमी चर, कमी दिवस, कमी नमुने असा प्रस्ताव स्वस्त पडतो. यावर उपाय एकच आहे आणि तो म्हणजे किती चर, कोठे, कोणत्या पद्धतीने हे लेखी ठरवणारा आणि प्रत्यक्ष चराच्या काठावर येऊन पाहणारा, विकासकाच्या पैशावर अवलंबून नसलेला पुरातत्त्वज्ञ नियोजन प्राधिकरणाकडे असणे. जेथे हे पद रिकामे ठेवले जाते तेथे बाकीचे सगळे नियम कागदावर राहतात.

अहवाल हाती आला की मी निष्कर्षाच्या पानाआधी चरांचा नकाशा उघडते. किती चर ठरले होते आणि प्रत्यक्षात किती झाले, पाणी भरल्यामुळे किंवा झाडांमुळे किती सोडून दिले, जमीन त्या दिवसांत कोरडी होती की चिखलाची, तळ नैसर्गिक मातीपर्यंत गेला की वरच्या भरावातच थांबला, हे त्या नकाशावरून आणि चरांच्या तक्त्यावरून कोणालाही वाचता येते. त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. त्यानंतर भूभौतिक नकाशा त्याच्यावर ठेवून पाहावा. सगळे चर जेथे काही उमटले होते तेथेच घेतले आहेत, की कोऱ्या दिसणाऱ्या भागातही घेतले आहेत? उपकरणाला न दिसणारी थडगी आणि खांबखळगे असतात ते कोऱ्या भागातच, आणि तेथे एकही चर नसेल तर त्या भागाची तपासणी झालेलीच नाही, मग निष्कर्षात काहीही लिहिलेले असो. हरकती आणि सूचनांची मुदत चालू असेल तर त्या भागात आणखी चर घ्यावेत अशी लेखी मागणी त्या नकाशाचा संदर्भ देऊन करता येते आणि ती परवानगीच्या निर्णयाआधी पोहोचली तरच तिचा उपयोग होतो.